यंत्राचे उत्तर आणि आपला ताळा

हिशेब संगणकाने केला आहे म्हणजे तो बरोबरच असणार, ही समजूत आपल्याकडे फार लवकर रुजली. किराणा दुकानातील बिल, विजेचे देयक, बँकेचे खातेपुस्तक, पगाराची चिठ्ठी, यांपैकी काहीही हाती आले की आपण शेवटची रक्कम तेवढी पाहतो आणि कागदाची घडी घालून ठेवतो. वाण्याने पेन्सिलीने मांडलेली बेरीज ग्राहक पुन्हा करून पाहत असे. छापील कागदावरची बेरीज पुन्हा करून पाहणे मात्र आज अनेकांना अनावश्यक वाटते. कोणी शंका घेतलीच, तर ‘हे संगणकाने काढले आहे’ या एका वाक्यापुढे त्याला गप्प बसावे लागते. याउलट आकडा उघडउघड चुकलेला असला, की त्याच खिडकीमागून ‘संगणकाची चूक आहे’ असे उत्तर येते.

ही दोन वाक्ये परस्परविरोधी दिसतात. पण दोन्हींचे काम एकच आहे. दोन्ही वाक्ये माणसाला जबाबदारीतून मोकळे करतात. माझ्या मते ती दोन्ही चुकीची आहेत. संगणक बेरीज करण्यात सहसा चुकत नाही. परंतु आपण जिला बेरीज म्हणतो, तीच तो करीत असेल याची मात्र शाश्वती नसते. अधिक, उणे, गुणिले, भागिले ही चिन्हे आपण शाळेत शिकलो. संगणकाला दिलेल्या सूचनांत हीच चिन्हे थोड्या निराळ्या रूपात येतात, आणि त्यांचा अर्थ ती भाषा रचणाऱ्याने ठरवलेला असतो. तो अर्थ जाणून घेणे आणि आलेल्या उत्तराचा ताळा पाहणे, ही दोन्ही कामे माणसाची आहेत. ती यंत्रावर सोपवता येत नाहीत.

संगणकाला द्यायच्या सूचनांच्या क्रमवार मांडणीस आज्ञावली म्हणतात. आज्ञावली लिहिण्याच्या अनेक भाषा आहेत. त्यांपैकी ‘स्क्रिप्टिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषा शिकायला तुलनेने सोप्या असतात. चार ओळी लिहाव्यात आणि लगेच उत्तर पाहावे, ही त्यांची सोय. जावास्क्रिप्ट, पायथन, पीएचपी, बॅश ही त्यांतील परिचित नावे होत. संकेतस्थळांवरील अर्ज, कार्यालयांतील याद्या, रोजच्या अहवालांची जुळणी अशी असंख्य कामे या भाषांतून होतात. नव्याने आज्ञावली लिहायला शिकणारा, मग तो सोळा वर्षांचा असो की पन्नाशीचा, बहुधा यांपैकीच एखाद्या भाषेपासून आरंभ करतो. आणि आरंभीच त्याची गाठ अंकगणिताशी पडते.

प्रथम बेरजेचे चिन्ह पाहू. संकेतस्थळावरील अर्जाच्या चौकटीत आपण जे टंकतो, ते आज्ञावलीकडे सहसा मजकूर म्हणून पोहोचते. त्यात अंक असले, तरी ती अक्षरेच मानली जातात. जावास्क्रिप्टमध्ये ‘+’ या चिन्हाकडे दोन कामे आहेत. दोन्ही बाजूंना संख्या असतील तर बेरीज करणे आणि एका बाजूला जरी मजकूर असला तरी दोन्ही एकापुढे एक जोडणे. त्यामुळे मजकूर म्हणून आलेला ५ आणि संख्या म्हणून असलेला ३ यांच्यामध्ये हे चिन्ह ठेवले, तर उत्तर ८ न येता ५३ येते. वजाबाकीच्या चिन्हाकडे जोडणीचे काम नाही. म्हणून त्याच दोहोंची वजाबाकी केली, तर ती बिनचूक २ येते. एकाच माहितीवर वजाबाकी साधते आणि बेरीज फसते, हे पाहून नवशिक्या गोंधळतो.

८ ऐवजी ५३ आले तर कोणाच्याही ध्यानात येईल, असे कोणी म्हणेल. परंतु अशी कल्पना करा, की वस्तूची किंमत १०० रुपये आहे आणि ती घरपोच देण्याचा आकार ० रुपये आहे. हे दोन्ही आकडे मजकूर म्हणून एकापुढे एक जोडले गेले, तर १००० ही रक्कम तयार होते. हजार रुपये ही मुळीच अशक्य वाटणारी रक्कम नव्हे. यंत्र थांबलेले नाही, कोठे लाल अक्षरे उमटलेली नाहीत, बिल नीटनेटके छापले गेले आहे. अशा चुकीला मी ‘मुकी चूक’ म्हणेन.

पायथन या भाषेत हीच सूचना दिली, तर मजकूर आणि संख्या यांची बेरीज करता येत नाही, असे सांगून आज्ञावली तेथेच थांबते. काम अडते, लिहिणाऱ्याला त्रास होतो. पण चूक स्वतःहून बोलते. ही ‘बोलकी चूक’. अर्थात पायथनही सर्वस्वी निर्दोष नाही. त्या भाषेत मजकूर म्हणून आलेल्या ५ ला ३ ने गुणले, तर तो मजकूर तीनदा लिहिला जातो आणि उत्तर ५५५ येते.

जावास्क्रिप्ट अशी का घडली, हेही समजून घेतले पाहिजे. नेटस्केप या कंपनीसाठी ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा सिद्ध केला. संकेतस्थळाचे पान किरकोळ कारणाने अडू नये, लिहिणाऱ्याचा हेतू ओळखून भाषेनेच पुढे जावे, अशी सवलत तिच्यात ठेवलेली दिसते. लेखनाच्या बाबतीत अशी सवलत समजण्यासारखी आहे. पत्राच्या मायन्यात एखादा शब्द चुकला, तरी पत्र पोहोचते. धनादेशावरील रकमेत एक शून्य वाढले, तर मात्र ‘हेतू ओळखून घ्यावा’ असे म्हणून चालत नाही. हिशेबात तर्क करणाऱ्या भाषेपेक्षा अडून प्रश्न विचारणारी भाषा अधिक हितकारक होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

भागाकाराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. प्राथमिक शाळेतील मुलाला ७ ला २ ने भागायला सांगितले, तर तो ‘भागाकार ३, बाकी १’ असे लिहितो. वरच्या वर्गातील मुलगा ३.५ लिहितो. दोघांचेही बरोबर आहे. पायथनच्या जुन्या आवृत्त्या पहिल्या मुलासारख्या वागत. दोन पूर्णांकांचा भागाकार तेथे पूर्णांकच येई. आता साठांपैकी पंचेचाळीस गुणांची टक्केवारी काढायची आहे असे समजा. कोणी प्रथम ४५ ला ६० ने भागले आणि मग १०० ने गुणले, तर त्या आवृत्त्यांत पहिल्याच पायरीवर ० येई आणि विद्यार्थ्याची टक्केवारी शून्य ठरे. प्रथम १०० ने गुणून मग भागले, तर ७५ हे योग्य उत्तर मिळे. गणिताच्या दृष्टीने दोन्ही रीती सारख्याच. यंत्रातील परिणामांत मात्र उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण एवढे अंतर!

हा दोष भाषेच्या कर्त्यांनी ओळखला. पूर्णांकी भागाकारासाठी ‘//’ असे स्वतंत्र चिन्ह त्यांनी २००१ साली उपलब्ध करून दिले आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून साध्या भागाकाराचे उत्तर ३.५ येऊ लागले. जुन्या दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला. एका चिन्हाचा अर्थ सुधारून तो सर्वत्र रूढ होण्यास सुमारे दोन दशके लागली, कारण जुन्या अर्थावर विसंबून लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या वापरात होत्या. बॅशमध्ये मात्र ७ भागिले २ याचे उत्तर आजही ३ हेच येते. म्हणून एका भाषेत शिकलेला नियम दुसऱ्या भाषेत गृहीत धरणे धोक्याचे ठरते.

बाकीचेही असेच. आठवड्याच्या वारांना रविवार ० पासून शनिवार ६ पर्यंत क्रमांक दिले, तर मंगळवार २ येतो. मंगळवारच्या आधी दहा दिवस कोणता वार होता? २ मधून १० वजा केले की उणे ८ उरतात. त्याला ७ ने भागून बाकी पाहायची. पायथन बाकी ६ सांगते, म्हणजे शनिवार, आणि ते बरोबर आहे. जावास्क्रिप्ट बाकी उणे १ सांगते, आणि उणे १ क्रमांकाचा वार कोणत्याही पंचांगात नाही. ऋण संख्येची बाकी धन असावी की ऋण, याविषयी दोन संकेत आहेत आणि दोन भाषांनी दोन संकेत स्वीकारले आहेत, एवढाच याचा अर्थ. तो ठाऊक नसलेल्या माणसाची आज्ञावली पुढच्या तारखांना नीट चालते आणि मागच्या तारखांना फसते.

संख्येच्या डावीकडील शून्याला किंमत नसते, असे आपण शिकलो. बॅशमध्ये त्याला मोठी किंमत आहे. तेथे ० ने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरणारी, मानली जाते. त्यामुळे ०१० चा अर्थ दहा न होता आठ होतो, तर ०८ आणि ०९ यांना काही अर्थच उरत नाही. महिन्याचे क्रमांक ०१, ०२ असे लिहून त्यांवर आकडेमोड करणारी आज्ञावली जुलैपर्यंत बिनतक्रार चालते आणि ऑगस्ट उजाडताच अडते. सात महिने बरोबर चालले म्हणजे आठव्या महिन्यातही चालेल, हा भरवसा येथे खोटा ठरतो. ऑगस्टमधील चूक निदान बोलकी असते. आठ झालेला दहा मात्र मुका असतो.

क्रियांचा क्रम लक्षात राहावा म्हणून मराठी शाळांतून ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पाठ करून घेतले जाते. प्रथम कंस, मग ‘चे’, नंतर भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. हे सूत्र संगणकातही बरेच उपयोगी पडते. पण सगळ्या चिन्हांची सोय त्यात नाही. ‘उणे दोनचा वर्ग’ असे कंसाविना लिहिले, तर पायथन आधी दोनचा वर्ग करून मग उणे चिन्ह लावते आणि उणे ४ देते. एक्सेल या लोकप्रिय तक्त्यात उणे चिन्ह आधी लागते आणि उत्तर ४ येते. जावास्क्रिप्ट येथे मात्र शहाणपणाने वागते. तिच्या घातचिन्हाबरोबर असे संदिग्ध लेखन केले, तर ती ते स्वीकारीतच नाही. कंस घालून अर्थ स्पष्ट करा, असा तिचा आग्रह असतो. भाषेने कसे वागावे, याचा हा नमुनाच म्हणता येईल.

आता दशांश अपूर्णांकांकडे वळू. या भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली, तर बहुतेक ठिकाणी नेमके ०.३ मिळत नाही. दशांश चिन्हानंतर ३, मग पंधरा शून्ये आणि सतराव्या स्थानी ४, अशी संख्या मिळते. ‘ही बेरीज ०.३ एवढी आहे काय?’ असे विचारले, तर यंत्र ‘नाही’ म्हणते. याचे कारण संगणकाच्या अंकपद्धतीत आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो, संगणक दोनच्या पटीत मोजतो. एक तृतीयांश ही संख्या दशांश रूपात लिहू लागलो, तर ०.३३३ असे तीन लिहिणे कधी संपत नाही. त्याचप्रमाणे एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधी संपत नाही. कोठेतरी ती तोडावी लागते, आणि तोडलेला कण हिशेबातून निसटतो.

येथे जुन्या मराठी शाळांतील पावकी, निमकी आणि पाऊणकी यांची आठवण होते. पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक दोनच्या विभागणीतून आलेले असल्यामुळे संगणक ते अगदी अचूक साठवू शकतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी आपला रुपया सोळा आण्यांचा आणि आणा चार पैशांचा होता. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा आणि चौसष्ट या दोन्ही संख्या दोनच्या पटींतूनच झालेल्या आहेत. पैचा हिशेब वगळला, तर तो जुना आणे-पैशांचा जमाखर्च संगणकाला रुपयाच्या अपूर्णांकांतही तंतोतंत मांडता आला असता. शंभर पैशांच्या रुपयातील एक पैसा मात्र त्याला रुपयाच्या अपूर्णांकात नेमका लिहिता येत नाही. म्हणूनच पैशांचे हिशेब करणारे जाणकार सर्व रकमा पैशांत, पूर्णांक स्वरूपात ठेवतात आणि छापतानाच त्यांचे रुपये करतात. पायथनमध्ये २००४ सालापासून दशमान आकडेमोडीची वेगळी सोयही आहे.

एवढ्या सूक्ष्म कणाने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना इतिहास उत्तर देतो. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराचा एक निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक वेळी नवा निर्देशांक काढताना तीन दशांश स्थळांपुढील भाग जवळच्या संख्येत न बदलता नुसता तोडला जात होता. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सुमारे ५२५ पर्यंत घसरलेला दिसत होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर असल्याचे आढळले. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट ही संरक्षण यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक प्राणांस मुकले. त्या यंत्रणेत काळाची गणना करताना एक दशांश ही संख्या तोडून वापरली जात होती. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिल्याने तो फरक साठत साठत सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत गेला होता. या दोन आज्ञावल्या वर सांगितलेल्या भाषांत लिहिलेल्या नव्हत्या. पण दोष त्याच जातीचा होता. दोन्ही ठिकाणी यंत्राने सांगितलेले काम निमूटपणे केले, आणि दोन्ही चुका दीर्घकाळ मुक्या राहिल्या.

चिन्हांचे अर्थ माणसेच ठरवतात, हे गणिताच्या परंपरेला नवे नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडताना शून्याला शून्याने भागले असता शून्य येते, असे म्हटले. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात, शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव देऊन ती अनंत मानली. आजचे गणित असा भागाकार अर्थहीन मानते. संगणकाच्या भाषांतही हा मतभेद जिवंत आहे. एकाला शून्याने भागले, तर पायथन काम थांबवते आणि जावास्क्रिप्ट ‘अनंत’ असे उत्तर देऊन पुढे जाते. म्हणजे आपण ज्याला यंत्राचा निर्णय समजतो, तो कोण्या माणसाने पूर्वीच घेतलेला निर्णय असतो. माणसाच्या निर्णयाला प्रश्न विचारता येतो आणि विचारलाही पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल. आपण सगळेच काही आज्ञावली लिहिणार नाही. मग हे जाणून काय उपयोग? दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. यंत्र हिशेब करीत असताना पाढे आणि तोंडी हिशेब शिकावेतच कशाला? या दोन्ही आक्षेपांना माझे उत्तर एकच आहे. यंत्राचे काम जेवढे वाढेल, तेवढी अदमास घेण्याची शक्ती अधिक लागेल. वस्तू शंभरची असताना बिल हजाराचे आले, हे ओळखायला आज्ञावली कळावी लागत नाही. शंभर आणि शून्य मिळून किती, हे मनात तयार असावे लागते. ज्याच्याजवळ तो अदमास नाही, त्याला छापील आकडा हेच सत्य मानावे लागते. त्याची मजुरी किंवा त्याच्या कर्जाचा हप्ता दुसऱ्या कोणाच्या चिन्हावर अवलंबून राहतो, आणि दाद मागण्याचे बळही त्याच्या अंगी राहत नाही.

जे आज्ञावली लिहिण्याचे काम शिकत आहेत, त्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आकडेमोड करण्यापूर्वी हाती आलेला अंक संख्या आहे की मजकूर, हे पाहावे आणि मजकूर असेल तर स्वतः त्याची संख्या करून घ्यावी. क्रियांचा क्रम भाषेवर न सोपवता कंस घालावेत. कंस जास्त झाले म्हणून उत्तर चुकत नाही. आणि ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असे लहान उदाहरण प्रथम चालवून पाहावे. त्यात एखादी ऋण संख्या, एखादे शून्य आणि ०८ सारखा एखादा अंक अवश्य असावा, कारण आज्ञावली बहुधा अशाच ठिकाणी फसते.

ज्यांना आज्ञावली लिहायची नाही, त्यांच्यासाठी मार्ग याहून जुना आणि सोपा आहे. भागाकार झाला की भाजकाला भागाकाराने गुणावे, बाकी मिळवावी आणि भाज्य परत मिळतो की नाही ते पाहावे, यालाच आपण ताळा म्हणतो. हातात आलेल्या प्रत्येक छापील कागदावरील निदान एक बेरीज तरी याच वृत्तीने करून पाहावी. जुळली तर समाधान आहे. जुळली नाही, तर कागद पुढे करून ‘हा आकडा कसा आला?’ असे शांतपणे विचारावे. ‘संगणकाने काढला’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, एवढे आता आपल्याला माहीत आहे.